न पाहिलेल्या घराची पन्हळ

४ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

घर माझ्या नावावर झालं. नोंदणी कार्यालयात चार नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंनी काल तसं सांगितलं, आणि नुसतं तोंडी नाही, आपल्या समोरचा संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. वर तुझ्या मामांचं नाव, त्यापुढे ‘मयत’. खाली माझं, त्यापुढे ‘वारस, पत्नी’. मी विचारलं, त्यांचं नाव काढून नाही टाकलं? तर म्हणाल्या, इथे काढत नाही काही, फक्त पुढचं लिहितो. ऐकून बरं वाटलं.

मामांना जाऊन वर्ष उलटलं तरी हे काम माझ्या हातून होत नव्हतं. जन्मभर त्यांनी लोकांच्या जुन्या घरांचे कागद तपासले, घरं घेतली, नीट केली, विकली. तुलाही तेच शिकवलं. मी मात्र त्या कार्यालयाची पायरी कधी चढले नव्हते. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आणि मग कुणाची हरकत आहे का म्हणून फळ्यावर लावलेली नोटीस. हरकत घेणार कोण? तरी मुदत संपेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. तुझ्या मामांचा स्वभाव बघता तेच येऊन हरकत घेतील असं वाटायचं.

आता दुसरं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय, कायमचा. अंथरूण मी खाली बाहेरच्या खोलीत आणलं, कपाट शेजाऱ्यांनी उतरवून दिलं. पण न्हाणीघर वर आहे, आणि ते काही खाली यायला तयार नाही. दिवसातून एकदा मी कठडा धरून, मध्ये मध्ये पायरीवर टेकत वर जाते. उन्हाळा संपायच्या आत या घराचं आणि माझं काय करायचं ते ठरवायला हवं. तू या धंद्यातली, म्हणून विचारते. एकट्या बाईने अशा वेळी काय करावं?

फोनवर तुझं अर्धं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू घाईत बोलतेस, म्हणून लिहिलं. तूही लिहूनच उत्तर दे. उशिरा दिलंस तरी चालेल, पण दे.

तुझी मामी


११ फेब्रुवारी

प्रिय मामी,

मालकीणबाई, अभिनंदन. पण पडद्यावर दिसलं म्हणून भागत नाही, नोंदीचा उतारा मागून घे. आधी तुझ्या नावात चूक नाही ना ते बघ, कारण एक काना राहिला तरी दुरुस्त करायला जन्म जातो. मग ‘बोजा’ लिहिलेल्या रकान्यात काय आहे ते बघ. घरावर कधी कर्ज काढलं असेल तर तिथे दिसतं, आणि फेडल्यावरही दिसत राहतं, जोवर कुणी फेडल्याचा दाखला नेऊन देत नाही तोवर. मामाने छप्पर बदललं तेव्हा पतपेढीकडून काढलं होतं, मला आठवतंय.

आता तुला पत्रं येऊ लागतील, घाबरू नकोस. या नोंदी कुणालाही बघता येतात. घराला नवा वारस लागला की आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना कळतं. वारसाला बहुतेक वेळा घर नको असतं किंवा झेपत नसतं, असा आमचा अंदाज. मीसुद्धा दर महिन्याला अशी यादी मागवते, यंदापासून आसपासच्या शहरांचीही. यादी छापखान्यात जाते, तिथून पत्रं परस्पर टपालात पडतात. तेव्हा कुणी आपुलकीने लिहिलंय असं समजून हळवी होऊ नकोस. सगळी पाकिटं एका खोक्यात टाक आणि कशावरही सही करू नकोस.

घराचं म्हणशील तर ठरवायचं काही नाहीच. घर राहणार. मामाच्या हत्यारांच्या खोलीत जागा आहे, तिथे खाली न्हाणीघर बांधून घेऊ. मोजमाप घ्यायला माणूस पाठवते. मीच आले असते, पण इथे दोन घरांची कामं अर्धवट आहेत आणि गवंडी माझी पाठ वळायचीच वाट बघत असतात.

तुझी मुंगी


६ मार्च

प्रिय मुंगे,

उतारा आणला. नाव बरोबर आहे. बोजा मात्र होताच, तू म्हणालीस तसा. फेडल्याचा दाखला हत्यारांच्या खोलीत रंगाच्या डब्यांमागे, पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला सापडला. दुसऱ्यांचे दाखले वेळेवर नेऊन देणारा माणूस स्वतःचा मात्र रंगाच्या डब्यांमागे ठेवतो. मी तो दिला आणि बोजा उतरला.

खिडकीवरच्या बाईंशी आता चांगली ओळख झाली आहे. त्यांनी मला बाहेरच्या दालनातला, सगळ्यांसाठी ठेवलेला पडदा चालवायला शिकवला. रस्ता आणि घराचा क्रमांक टाकला की मालक कोण, घर कधी घेतलं, कराचं बिल कुठल्या पत्त्यावर जातं, सगळं समोर येतं. मी आठवड्यातून दोनदा तिथे बसून लोकांची घरं बघते. वेळ चांगला जातो.

तुझा मोजमापवाला येऊन गेला. भला माणूस. खोली मोजली, सांडपाणी कुठून बाहेर काढायचं याचा विचार करत दोन कप चहा प्यायला आणि मान हलवत गेला. सगळी मोरी घराच्या दुसऱ्या अंगाला आहे म्हणे, मधली सगळी फरशी फोडावी लागेल.

पत्रंही आली. एकाने लिहिलंय, आपल्या दुःखात सहभागी आहोत, आणि लगेच खाली, आठवड्यात रोख. एकाने माझं नाव सोडून मामांनाच पत्र पाठवलंय आणि घर विकून आता निवांत व्हा असा सल्ला दिलाय. त्यांना काय, ते कधीचेच निवांत आहेत.

एक पत्र मात्र मी दोनदा वाचलं. पाकिटावर माझं पूर्ण नाव आहे. मला नावाने कुणी हाक मारली त्याला किती वर्षं झाली. तुम्हा सगळ्यांची मी मामी, नाहीतर काकू, नाहीतर पलीकडच्या आजी. पाकीट हातात घेऊन क्षणभर वाटलं, ही कोण बाई आपल्या घरात राहायला आली? आत सही नाही, नुसतं ‘घर खरेदीदार’ आणि टपालपेटीचा क्रमांक. पण मजकूर बरा आहे. त्याला उत्तर द्यावं म्हणते. तुझं काय मत?

तुझी मामी


१० मार्च

प्रिय मामी,

उत्तर देऊ नकोस.

मजकूर बरा असतो, कारण तो बरा वाटावा म्हणूनच लिहिलेला असतो. मला माहीत आहे, मीच असली पत्रं लिहिते. त्या माणसाने तुझं घर पाहिलेलंही नसेल. एकदा तू उत्तर दिलंस की तो दारात येईल, खुर्चीवर बसेल, वर छताकडे बघेल आणि ‘च्च’ करेल. बाकी काही बोलणार नाही. त्या एका ‘च्च’ने मालकाची हिंमत निम्म्यावर येते. मला ते सुद्धा चांगलं जमतं.

मंगळवारी तुला दोनदा फोन केला, उचलला नाहीस. कुठे होतीस? कार्यालयात बसून लोकांची घरं बघत दिवस काढतेस हे वाचून मला बरं वाटलं नाही. एकटं माणूस असं काहीतरी करायला लागतं. तुमच्याकडे वाचनालय आहे, बाग आहे, तिथे जात जा.

आणि घर विकायचा विचार तुझ्या मनात आला तरी कसा? आई बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरत होती तेव्हा मी तिथे वाढले. जिन्याच्या वळणावर बसून सगळा अभ्यास केला. मामा खिळे निवडायला द्यायचा आणि मी ते फ्रॉकच्या ओच्यात भरून या खोलीतून त्या खोलीत वाहायचे, म्हणून तर तुम्ही मला मुंगी केलंत. मी आजवर इतकी घरं घेतली आणि विकली, की काहींचे रस्तेही आठवत नाहीत. त्यातलं एकही माझं नव्हतं. हे एक आहे.

जिन्याच्या कडेने वर सरकणारी खुर्ची बसवता येते. मी चौकशी करते आहे. तोवर कुणाला काही कळवू नकोस.

तुझी मुंगी


१४ मार्च

घर खरेदीदार यांना,
पाकिटावर छापलेल्या टपालपेटीच्या पत्त्यावर

नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. माझं घर घेण्याची इच्छा आपण दाखवलीत, त्याबद्दल आभारी आहे. माझी भाची याच धंद्यात आहे. तिने मला अशा पत्रांना उत्तर देऊ नकोस असं बजावलं आहे. ती सहसा बरोबर असते, पण या वेळी मी तिचं ऐकलं नाही.

आपल्या पत्राची शेवटची ओळ अशी आहे: ‘घर विकायचं नसलं, तरी मागच्या बाजूची पन्हळ सुटली आहे, तेवढी बसवून घ्या.’ हे वाचून मी काठी घेतली, घराला वळसा घालून मागे गेले आणि मान वर करून बराच वेळ उभी राहिले. आमच्या घराला मागे पन्हळ नाही. कधीच नव्हती. त्या बाजूला छप्पर सपाट आहे आणि त्याचं पाणी भिंतीतल्या एका नळीतून खाली हौदात उतरतं. ती नळी आजवर एकदाच तुंबली. एका लहान मुलीने तिच्यात चेंडू घातला होता, आत गेला तर बाहेर कुठून येतो ते बघायला. तो आला नाही. वरच्या खोलीत घोटाभर पाणी झालं आणि ती मुलगी पलंगावर उभी राहून मला सांगत होती की चेंडू आपोआप गेला. आपल्याला त्या नळीविषयी आणखी माहिती हवी असेल तर तिलाच विचारावं.

माझे पतीही आपल्याच धंद्यात होते. आधी नोंदी बघायचे, मग पत्र लिहायच्या आधी घर बघून यायचे. आत नाही जायचे, रस्त्यावरूनच बघायचे, पण पुरतं बघायचे. मग पत्राच्या शेवटी त्या घराला खरोखर जे हवं असेल ते एक लिहायचे, घर मिळो न मिळो. कुणाचं दार खाली घासतंय, कुणाच्या भिंतीतून रोपटं उगवलंय. लोक घर विकायचे नाहीत, पण रोपटं उपटून टाकायचे. पुढे कधी विकायची वेळ आली की आधी त्यांना कळवायचे.

तेव्हा माझी अट एवढीच आहे की एकदा येऊन घर बघून जावं. कागद सगळे नीट आहेत. पण हा जिना रोज चढायला कसा आहे, ते कुठल्याच कागदावर नसतं. दुपारी चार वाजता चहा होतो. दार नुसतं लोटलेलं असतं.

आपली,
घराची मालकीण


१९ मार्च

मामी,

आज टपालपेटी उघडली तर सगळ्यात वर तुझं अक्षर. आधी वाटलं, मला पत्र टाकताना तू चुकून कामाचा पत्ता घातलास. तिथेच उभी राहून वाचलं, मग गाडीत बसून पुन्हा वाचलं. चेंडूपाशी आल्यावर पुढचं दिसेना.

ते पत्र माझं आहे. तुला हे कधीच कळलं होतं, आता माझ्या लक्षात आलं.

पन्हळीची ओळ मामाची. कुठल्या तरी एका घरासाठी त्याने लिहिली होती. मी ती आमच्या पत्राच्या नमुन्यात घातली आणि तेव्हापासून शेकड्यांनी छापते. निम्म्या घरांची पन्हळ कुठे ना कुठे सुटलेलीच असते. लोक वर बघतात आणि म्हणतात, यांनी खरंच येऊन पाहिलं की. यात मला हुशारी वाटायची.

यादी मी नजरेखालून घातली होती. तुझं नावही डोळ्यांसमोरून गेलं असणार. पण कुठल्याच यादीत ‘मामी’ असं लिहीत नाहीत, आणि दुसरं तुझं नाव मी कधी तोंडाने उच्चारलेलं नाही. वर्षभरात तू न विचारता माझ्याकडून तुला गेलेलं ते एकच पत्र, आणि तेही छापखान्याने पाठवलं.

मी तुला लिहिलं होतं की त्या माणसाने घर पाहिलेलंही नसेल. पाहिलं होतं, मामी. तो माणूस त्याच घरात वाढला होता.

पत्र मी परत घेते. ते घर मला विकत नको आहे. खरं तर ते कुणीच विकत घेऊ नये असं मला वाटतं. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

मुंगी


२४ मार्च

प्रिय मुंगे,

रागावले नाही. हसले. घराच्या मागे एकटीच काठी घेऊन उभी राहून हसत होते, शेजारच्यांनी विचारलं बरं आहे ना म्हणून.

ती ओळ मामांनी लिहिली तेव्हा मला वाचून दाखवली होती. ते पन्हळवालं घर शेवटपर्यंत मिळालं नाही, पण पन्हळ बसवली त्या लोकांनी. त्यामुळे पत्र कुणाचं ते पहिल्या वाचनातच कळलं. छापखान्याने पाठवलं असेना का. त्यावर माझं नाव होतं आणि आत मामांची ओळ होती. ते खोक्यात टाकलं नाही, कपाटात ठेवलंय.

पण मुंगे, तू माझं वाचण्यात दोनदा चुकलीस.

मला घर विकायचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते जिन्याचं, आणि ते रोज सकाळी वाटतं. समोर भाड्याने राहणारी नर्स आणि तिचा नवरा कधीपासून विचारतायत. तरुण आहेत, दोघांचे चारही गुडघे धड आहेत. खरेदीदार मला नकोच होता, तो दारासमोरच आहे. मला तू यायला हवी होतीस. तुझा माणूस नको, तुझी वर सरकणारी खुर्ची नको. तू येऊन, मी जिना चढते ते एकदा बघावंस, म्हणजे माझं म्हणणं तुला वेगळं सांगावं लागलं नसतं. हे सरळ लिहिता आलं असतं. पण तुझ्या प्रत्येक पत्रात ‘घर राहणार’ असं वाचल्यावर माझी हिंमत होईना.

आणि कार्यालयात मी वेळ काढत नव्हते. मी घर शोधत होते. तुझ्या शहराच्या नोंदी इथल्या पडद्यावरही दिसतात. मी तुझ्या गल्लीपासून सुरुवात केली. तुमच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक लहानसं घर आहे. कराचं बिल भलत्याच गावी जातं, म्हणजे मालक तिथे राहत नाहीत. मामा जेवताना जे काही बोलायचे, त्यातलं एवढं माझ्या डोक्यात राहिलंय.

पण न बघता लिहायचं नाही हेही राहिलंय. म्हणून त्या मंगळवारी मी बसने तुझ्या शहरात आले होते. घर बघितलं. रस्त्यापासून एकच पायरी, तीही रुंद. दर्शनी भिंतीशी एक नळ आहे, तो गळतो. शेजारणीने त्याखाली बादली ठेवलीय आणि ते पाणी ती आपल्या कुंड्यांना घालते. परत निघाले तर कोपऱ्यावर तू दिसलीस. काखेत फायली, हातात किल्ल्यांचा जुडगा, फोन कानाला लावून कुणीतरी उचलत नाही म्हणून वैतागलेली. बसमध्ये बसल्यावर पिशवीतून फोन काढला, तर त्यावर तुझेच दोन होते.

हाक मारावीशी वाटली होती. पण तू कामावर होतीस, आणि खरं सांगायचं तर मीही.

घराचे मालक बहीण-भाऊ आहेत. मी दोघांनाही पत्र टाकलं, शेवटी नळाचं लिहिलं. बहिणीचं उत्तर आलं. तिला विकायचं आहे, पण भावाशी बोलणं बंद आहे आणि तो काय म्हणेल ते सांगता येत नाही. पुढचं माझ्या आवाक्यातलं नाही. कागद बघणं आणि माणसं जुळवणं तुझं काम.

आता एकच विचारते, आणि याचं उत्तर मला खरं हवं. मी मागच्या गल्लीत राहायला आलेलं तुला चालेल का? तुझी अडचण होणार असेल तर स्पष्ट लिही. थोड्या लांबच्या गल्ल्यांतही घरं आहेत, तीही मी बघून ठेवलीत.

तुझी मामी


१२ एप्रिल

प्रिय मामी,

भाऊ सही करणार. काल त्याने स्वतः मला तसं सांगितलं, आणि आज सकाळी बहिणीने फोन करून खात्री दिली, की त्याने तिलाही कळवलंय. किती वर्षांनी बोलला ते मी विचारलं नाही. तिचा आवाज जरा बसल्यासारखा होता.

तुझ्याकडून परत आल्यापासून याच घराच्या मागे आहे. तिथे असताना तुला बोलले नाही, आता लिहिते. मी तो जिना आयुष्यभर धावत चढले. त्या दिवशी तुझ्या मागून चढले, तू टेकलीस तिथे टेकले, तेव्हा कळलं तो केवढा आहे. अभ्यासाच्या वळणावर तू बसलीस, श्वास घेतलास आणि मला म्हणालीस, ‘ही तुझी जागा, आता माझी झाली बघ.’ त्यानंतर घर राहणार हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. नर्स आणि तिचा नवरा आवडले मला. तो हत्यारांच्या खोलीत शिरला आणि कशालाही हात न लावता नुसता बघत राहिला, तेव्हाच मी मनात विसारपावती केली होती. खरी आता झालीच आहे.

इथले कागद तपासले. बोजा नाही, कर भरलेला आहे. एक खोट निघाली. नोंदीत खोली एकच आहे. मागची खोली या भावंडांच्या वडिलांनी नंतर बांधली आणि कुणी नोंदवली नाही. तशीच खरेदी झाली असती तर उद्या तुझं स्वयंपाकघर कागदावर नसतं. अर्ज केला, मोजणीला माणूस आला, फितीचं दुसरं टोक मी धरलं. आता नोंदीत दोन्ही खोल्या आल्या आहेत.

भाऊ सुरुवातीला नाहीच म्हणत होता. बहिणीला हवंय तर मला नको, एवढंच कारण. मी त्याच्या दुकानात गेले. सवयीने बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने गल्ल्यातून तुझं पत्र काढलं. उत्तर दिलं नव्हतं, पण टाकूनही दिलं नव्हतं. नळाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘हा बाबांनी बसवला होता. अजून आहे तो?’ मी म्हटलं, आहे, गळतो. तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून गळतो. मग बराच वेळ आम्ही घराविषयी काहीच बोललो नाही. त्याने वडिलांविषयी सांगितलं, मी मामाविषयी. च्च करायची वेळच आली नाही.

आमच्या नमुन्यातली पन्हळ मी काढून टाकली. या महिन्यात थोडीच पत्रं गेली, कारण तेवढीच घरं बघून झाली. एका घरमालकाचं उत्तर आलं. घर विकायचं नाही, पण फाटकाची बिजागरी बदलली, आभारी आहे. धंदा म्हणून याचं काही खरं नाही. पत्र मात्र टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

तू विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर. अडचण होणार. रोज चारला चहाला यावं लागेल आणि गवंड्यांना ते लगेच कळेल. लांबच्या गल्ल्यांतली घरं दुसऱ्या कुणाला तरी राहू देत.

या पाकिटावर मी तुझं पूर्ण नाव घातलंय. लिहिताना हात दोनदा थांबला. आत मात्र मामीच.

गुरुवारी अकराला दोघं भावंडं नोंदणी कार्यालयात येणार आहेत, वेगवेगळ्या गाड्यांनी, पण येणार. तू बुधवारी दुपारच्या बसने ये, मी थांब्यावर असेन. सामानाचं नंतर बघू. फक्त मामाचा मोठा पाना पिशवीत घाल, लाल दांड्याचा. प्लंबर बोलवायचा मोह मी आवरलाय. नळ तसाच ठेवलाय, आणि शेजारीणबाई गावाला गेल्यात, त्यामुळे बादली सध्या मी रिकामी करते.

तुझी मुंगी